दुसरं भोक

मासेमारीच्या डोंग्याच्या, त्या लहान नावेच्या, मागच्या फळीवर मोटार जिथे अडकवली होती, तिथल्या लोखंडी पट्टीत पाच भोकं होती. खीळ पाचव्यात होती. पहिलं, तिसरं, चौथं गंजून बुजत आलेलं. दुसऱ्याच्या कडा मात्र चकचकीत. दुर्गेश्वरीने त्यांवरून बोट फिरवलं, खीळ उपसली आणि त्याच भोकात घातली. मोटार फळीच्या जवळ सरकली.

"काऊन हात लावून राहिली वो?" केशोराव म्हणाले. "पाण्यातल्या खुंटाले पंखा लागंल."

"खुंट काठाशी आहेत, बाबा. तेवढं हळू काढू. आत पाणी खोल आहे."

वेग घेतला की डोंग्याचं तोंड वर उचललं जाई, समोरचं दिसत नसे. म्हणून इटियाडोह धरणात जाळी टाकायला जाताना पुढच्या फळीवर वजन म्हणून देवकाबाई बसत. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांचा गुडघा बदलायला सांगितला होता. "मंग पुढं कोन बसंल?" केशोराव दर वेळी विचारत आणि विषय तिथेच थांबे.

आताही देवकाबाई दोन्ही हातांनी पाय उचलून डोंग्यात ठेवत होत्या.

"आई, आज तू काठावरच थांब."

"मी नाई बसली तं डोंगा उडते तुया बापाचा!" त्या हसल्या. पण थांबल्या.

आत गेल्यावर केशोरावांनी वेग वाढवला. पुढचं टोक क्षणभर उचललं आणि हळूच खाली बसलं. रिकाम्या फळीवरून पलीकडचा डोंगर पायथ्यापर्यंत दिसत होता. दुर्गेश्वरीने मागे पाहिलं. केशोरावांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

"हे भोक गंजलेलं नाही, बाबा."

त्यांनी वेग कमी केला.

"तुयी माय माहेरी जाते, तवा तिथंच घालतो." त्यांनी खिळीकडे पाहिलं. "माई माय पोटाच्या आपरेशनले गेली, ते आलीच नाई. मले वाटलं, डोंग्याचं निमित्त आहे तवरीक तुया मायचं आपरेशन टळते..."

केशोरावांनी मोटारीच्या मुठीवरची पकड सैल केली, खांदे खाली आले. परतताना त्यांनी आपणहून वेग वाढवला.

काठावर देवकाबाई हात कमरेवर ठेवून उभ्या होत्या.

"माया बिगर बरा सरळ चालला तं!"

केशोराव घोट्याएवढ्या पाण्यात उतरून त्यांच्यासमोर थांबले.

"चालतेच. खीळ बदलली का झालं. मले मालूम होतं." मग हळू आवाजात म्हणाले, "मी भेलो होतो."

देवकाबाईंनी आधी रिकाम्या फळीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"दोन वर्सं थंडीवाऱ्यात बसोलं मले!" त्यांनी पदराने तोंड पुसलं, हसू तरी पुसलं गेलं नाही. "मंग आता? पुढं कोन बसंल?"

"कोनी नाई." केशोरावांनी त्यांचा हात धरला. "दुर्गे, डॉक्टरले फोन लाव. सोमवारी घेऊन येतो म्हन."