धारचा तोलकाटा आणि नवी आवृत्ती

देवासच्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत संग्राम टेक्निकल हेड होता. स्वतःचं घराणं सोडलं, तर जुन्या प्रत्येक गोष्टीची त्याला लाज वाटायची. २००९ साली, सोयाबीनच्या ऐन हंगामात, त्याने धारच्या तेलगिरणीतल्या तोलकाट्याच्या प्रोग्राममध्ये लायब्ररीची, म्हणजे त्यात वापरलेल्या बाहेरच्या तयार कोडची, नवी आवृत्ती टाकली. का टाकली, तर नवी होती म्हणून.

दुसऱ्या दिवशी काटेवाल्या विठोबाचा फोन आला. "भिया, 'वजन घ्या' बटन दाबलं की स्क्रीनवरची खिडकीच गायब होते! बाहेर चाळीस ट्रॉल्या उभ्या आहेत, लोक मला शिव्या देऊन राह्यले."

संग्रामने निदान केलं, व्हायरस. मग व्होल्टेज. शेवटी विठोबाचं बोट. "हा माणूस बटन ठोकतो," म्हणाला, आणि हळू दाबण्याच्या सूचना फॅक्स केल्या. विठोबाने बटन गोंजारलं. खिडकी गेलीच.

तिसऱ्या दिवशी देवश्रीला बसने धारला धाडलं. कंपनीत कोड वाचणारी ती एकटीच. तिने एररची नोंद उघडली. तोवर ती कुणी उघडलीच नव्हती. काट्याकडून वजन आणायचं काम मागच्या थ्रेडवर, म्हणजे प्रोग्राममध्ये पडद्याआड चालणाऱ्या वेगळ्या धाग्यावर, चालायचं. जुनी लायब्ररी आलेला आकडा आपणहून स्क्रीनच्या थ्रेडकडे सोपवायची. नवी तसं करत नव्हती. स्क्रीनला तिच्याच थ्रेडने हात लावायचा असतो; आता मागचा थ्रेड थेट लावायचा आणि प्रोग्राम कोसळायचा. देवासला नव्या आवृत्तीची चाचणी खरा काटा न जोडताच, एक ठरावीक आकडा भरून उरकली होती, म्हणून तिथे मागचा थ्रेड कधी चाललाच नव्हता.

तिने फोन लावला. "सर, हे नव्या आवृत्तीसोबत आलेल्या बदलांच्या यादीत तिसऱ्याच ओळीत लिहिलंय. वाचली होती?"

"अगं, आठ पानं इंग्रजी कोण वाचतं? मी मथळा वाचला."

तिने आकडा स्क्रीनच्या थ्रेडवर परत आणणारी एक ओळ घातली. "दाबा, विठोबाकाका."

विठोबाने फॅक्सचा राग काढत बटन दणकन दाबलं. चौसष्ट क्विंटल. बाहेर ट्रॅक्टर सुरू झाले.

सोमवारच्या मीटिंगमध्ये संग्रामने 'संकटकाळातील नेतृत्व' या विषयावर बावीस स्लाइड दाखवल्या. देवश्रीकडून मात्र लेखी खुलासा मागवला गेला: चूक आधीच का पकडली नाही? तिने लिहिलं, "मला विचारलं नव्हतं," आणि ती तिसरी ओळ मराठीत करून खाली जोडली.

मालक गोपाळरावांनी कागद दोनदा वाचला. मग संग्रामला बढती दिली, विक्री विभागात. तिथे कोड नव्हता. संग्रामने पेढे वाटले.