किरीचे कपाट

“गाडी परत वळवू का?”

महामार्गावरच्या थांब्यावर, कॉफीचा कागदी पेला गाडीच्या टपावर ठेवत देवदत्तने विचारले. प्रणिता बेसनाच्या लाडवांचा डबा मागच्या सीटच्या पट्ट्यात अडकवत होती. तिने वर बघितलेही नाही.

“त्सुकुबा सोडल्यापासून हेच चाललंय तुझं. काय आहे ते एकदाचं सांगून टाक. त्या ओइकावा-सानना दर नववर्षाला न चुकता कार्ड पाठवतोस, आणि भेटायची वेळ आली की तुझी कॉन्फरन्स निघते. मी आंधळी आहे का?”

आंधळी ती नव्हतीच. पण देवदत्तला बोलते करणे सोपे नव्हते. माणूस लाकडात रमलेला. पुण्यात पीएच.डी. करून जपानमध्ये, त्सुकुबाच्या संशोधन संस्थेत दोन वर्षांसाठी म्हणून आला आणि इथेच रुजला. कुठल्याही लाकडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा, नाव सांगेल. उभे झाड मात्र ओळखता यायचे नाही. सासुरवाडीच्या दारातल्या करंजाला त्याने बकुळ म्हटले होते. आणि त्याच घरातले लाटणे हातात घेऊन “हे शिसव नाही, बाभूळ आहे, तुम्हाला फसवलंय” असे सांगून सासूबाईंचा चेहरा पाडला होता. “आमच्या जावईबापूंना झाड मेल्यावरच कळतं,” असे सासरे म्हणत. सगळे हसत, देवदत्तही हसायचा. भूकंपाच्या वर्षानंतर मात्र तो त्या विनोदाला कधी हसला नव्हता. प्रणिताच्या ते लक्षात आले होते, कारण कळले नव्हते.

गाडी पुन्हा रस्त्याला लागल्यावर, समोर बघत, त्याने सांगायला सुरुवात केली.

भूकंपाच्या त्या वर्षी एप्रिलमध्ये संस्थेने एक तुकडी उत्तरेला, किनाऱ्यावर पाठवली होती. त्सुनामीच्या लाटेने मोडलेल्या घरांच्या लाकडाचे ढीगच्या ढीग पडले होते. त्यात मीठ किती मुरले आहे आणि त्याचे पुढे काय करता येईल, हे पाहायचे होते. एका गावात, अख्खी आळी वाहून गेलेल्या जागी, एकच झाड उभे होते आणि झाडाशेजारी ओइकावा. साठी उलटलेले, विधुर, बोटींची इंजिने दुरुस्त करणारे गृहस्थ.

झाड किरीचे होते. तिकडची जुनी रीत अशी, की मुलगी झाली की दारात किरी लावायची. हे झाड झपाट्याने वाढते. मुलीचे लग्न ठरले की तेच पाडायचे आणि तिच्या किमोनोंसाठी खणाखणांचे कपाट करून द्यायचे. ओइकावांची चिहारु मच्छी सोसायटीच्या ऑफिसात नोकरी करत होती आणि लग्नाचे नाव काढत नव्हती, म्हणून झाड आपले वाढतच राहिले होते. लाटेनंतर चिहारु सापडली नव्हती.

“सेन्से, हे जगेल का?” एवढेच त्यांनी विचारले होते. नवखा असला तरी संस्थेतून आलेला प्रत्येकजण त्यांच्या लेखी सेन्से, म्हणजे गुरुजीच.

देवदत्तने पोकळ गिरमिट काढले. समुद्राच्या बाजूने एक आणि डोंगराच्या बाजूने एक, अशा पेन्सिलीएवढ्या दोन कांड्या खोडातून घेतल्या. समुद्राकडची कांडी सालीखाली तपकिरी पडली होती. जिभेला लावली तर खारट. वर फांद्यांना एक पान नव्हते. किरीला पालवी सगळ्या झाडांच्या मागून, मे महिन्यात फुटते, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याच्या कामाला पाने लागतच नसत. दुसरी कांडी त्याने न पाहताच स्पिरिटच्या बाटलीत टाकली. गाडी निघायच्या घाईत होती.

“मेलंय हे,” तो म्हणाला होता. “पण लाकूड अजून उत्तम आहे. पावसाळ्याआधी पाडलंत तर डाग पडणार नाहीत. कपाट चांगलं होईल.”

त्याला वाटले होते, आपण दिलासा दिला.

त्याच आठवड्यात प्रयोगशाळेत त्याने दुसऱ्या कांडीचा काप काचेवर ठेवला. सालीला लागून जिवंत पेशींचा पट्टा होता, आणि त्याच्या आत नव्या वर्षाची पहिली रुंद नळी घडत होती. अर्ध्या अंगाने का होईना, झाड पाणी वर चढवायच्या तयारीत होते.

“मग फोन नाही केलास?” प्रणिताने विचारले.

“उद्या करू म्हटलं. रिपोर्टची डेडलाइन होती. मग म्हटलं, पालवी फुटली की त्यांना दिसेलच. म्हटलं, म्हाताऱ्याला एवढी कसली घाई असणार.”

घाई होती. जूनमध्ये ओइकावांचाच फोन आला. झाड त्यांनी लगेच पाडून घेतले होते. “मनाशी धरलं होतं, सेन्से,” ते म्हणाले होते, “झाड जगलं तर चिहारु परत येईल. मेलं तर शोधणं थांबवायचं. आज सरकारी ऑफिसात जाऊन तिच्या मृत्यूची नोंद करून आलो.” माणूस सापडले नसले तरी अशी नोंद करायची सवलत सरकारने नुकतीच दिली होती. “सगळे मला धीर धरा, धीर धरा म्हणत होते. तुम्ही एकट्यानेच खरं सांगितलंत. उपकार झाले.”

“आणि तू काय म्हणालास?”

“म्हटलं, तब्येतीची काळजी घ्या.”

प्रणिताने मान वळवून त्याच्याकडे पाहिले. मग म्हणाली, “आठ वर्षं हे पोटात घेऊन जेवत होतास माझ्यासमोर.”

जेवत होता, बढत्याही घेत होता. आता तो लाकडाच्या भविष्यावर व्याख्याने देत असे. फळ्या आडव्या-उभ्या चिकटवून केलेल्या जाड लाद्या, त्यांच्या उंच इमारती, लाकडाच्या लगद्यापासून काचेसारखा पारदर्शक कागद, सगळे पडद्यावर दाखवायचा. शेवटी एक वाक्य ठरलेले असायचे, “पाडलेलं झाड मरत नाही, ते आपल्या घरात पुढे जगतं.” इथे टाळ्या पडत. प्रत्येक वेळी त्याला शरम वाटे, आणि प्रत्येक वेळी तो ते वाक्य म्हणे, कारण टाळ्या तिथेच पडत.

“आज सांगणार आहे,” तो म्हणाला. “जपानीत पाठच केलंय. झाड जिवंत होतं, मला कळलं होतं, मी गप्प बसलो. मला माफ करा.”

“सांग,” प्रणिता म्हणाली. “मी आहे.”

ओइकावांचे नवे घर टेकडी सपाट करून बांधलेल्या वस्तीत होते. खालची जुनी आळी आता भराव टाकून उंच केलेल्या मातीखाली गेली होती. ओइकावा दारातच उभे होते, पाठीत वाकलेले, इस्त्रीचा शर्ट घातलेले. बालवाडीत अर्धवेळ नोकरी करून प्रणिताचे जपानी चांगलेच सुधारले होते; नमस्कार-चमत्कार तिनेच सांभाळले. देवदत्त तिच्या मागे नुसताच वाकत राहिला.

कपाट आतल्या खोलीत होते. किरीच्या फळ्या वर्षानुवर्षे उन्हापावसात उभ्या करून ठेवतात, त्यांच्यातले काळे पाणी निघून जाईपर्यंत. शिवाय मधली वर्षे ओइकावा तात्पुरत्या वस्तीत राहत होते; तिथल्या एका खोलीत कपाट ठेवायला जागा कुठली? म्हणून ते आत्ता पुरे झाले होते. फिकट, चंदेरी झाक असलेले, गुळगुळीत. देवदत्तने फळीवर हात ठेवला आणि सवयीने वाढीच्या रेषा पाहिल्या. सगळ्यात बाहेरची, झाड पाडले त्या वर्षाची अर्धवट राहिलेली रेषा रंध्याखाली कधीच गेली होती.

“गंमत बघा, ओकुसान,” ‘वहिनी’ म्हणावे तसे ओइकावा प्रणिताला म्हणाले. त्यांनी वरचा खण सावकाश आत ढकलला. तो बसता बसता खालचा खण कुणी आतून लोटावा तसा आपोआप पुढे आला. “सुतार चांगला असला की हवा जायलाही फट राहत नाही. एक आत गेला की दुसरा बाहेर.”

“किती सुंदर!” प्रणिता म्हणाली. “आणि यात काय ठेवता?”

“काही नाही. तिचं काही राहिलंच नाही ना. सगळं वाहून गेलं.” त्यांनी हे अगदी साधेपणाने सांगितले.

देवदत्तने गुडघे मोडून बैठक घातली, हात मांड्यांवर ठेवले. पाठ केलेले पहिले वाक्य जिभेवर आले होते. पण ओइकावाही समोर तसेच बसले आणि त्यांनीच आधी मान खाली घातली.

“सेन्से, तुम्हाला मुद्दाम बोलावलं. एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली.”

“माझ्यापासून?”

“झाड पाडलं त्याच उन्हाळ्यात बुंध्याशी कोंब आला. या हाताएवढा. पानं अशी मोठी, छत्रीसारखी.” त्यांनी हात पसरून दाखवले. “पण तोवर नोंद केली होती. देवळातल्या भिक्षूंनी चिहारुला मेल्यानंतरचं नाव दिलं होतं. मी तो कोंब मोडला. पुन्हा आला. पुन्हा मोडला. किती वेळा मोडला! शेवटी मातीकाम करणाऱ्यांना सांगून बुंधाच उपटून टाकायला लावला. तुम्हाला कळवलं नाही. वाटलं, सेन्सेंना वाईट वाटेल.”

ओइकावांनी पसरलेले हात पुन्हा मांड्यांवर ठेवले.

“रोज विचार येतो. ते झाड जिवंत असेल, तर मी मुलीला हाक मारायची सोडली ती उगाच, आणि वर तिचा कोंबही आपल्या हाताने मोडला. तुम्ही लाकडातले जाणकार. दुसऱ्या कुणाला विचारू? खोड मेलं असलं तरी मुळातून कोंब येतो ना? झाड मेलेलंच होतं ना, सेन्से?”

म्हातारा पुन्हा तेच विचारत होता. त्या वेळी देवदत्तने न बघता उत्तर दिले होते. या वेळी त्याला सगळे माहीत होते. त्याने प्रणिताकडे पाहिले. ती त्याच्याकडेच बघत होती.

“येतो,” तो म्हणाला. “खोड मेलं तरी मूळ जिवंत राहू शकतं. तुमचं खोड मेलेलंच होतं. मी तपासलं होतं.”

पहिले खरे होते. त्याच्याच आडोशाने त्याने दुसरे बोलून टाकले. हे ओइकावांसाठी बोललो की स्वतःसाठी, याचा निवाडा त्याला करता आला नाही. दोघांचेही त्यात भले होते, हीच त्यातली लाजिरवाणी गोष्ट होती. पाठ केलेली वाक्ये आता कधीच उपयोगी पडणार नव्हती.

ओइकावांनी कपाळ जमिनीला टेकवले. “आभार,” ते म्हणाले. “आभार, सेन्से.” देवदत्त त्यांच्याहून खाली वाकला आणि बराच वेळ वर आला नाही. हा अतोनात नम्रपणा पाहून ओइकावाच गडबडले, नको नको म्हणून त्याच्या खांद्याला हात लावू लागले.

प्रणिताने डोळे पुसले आणि काहीतरी करायचे म्हणून लाडवांचा डबा पुढे केला. ओइकावांनी तो दोन्ही हातांनी घेतला, झाकण उघडून वास घेतला.

“तूप,” प्रणिता म्हणाली. “आमच्याकडे लेक माहेरी आली की करतात.”

“मग इथेच ठेवू या,” ओइकावा उठत म्हणाले. त्यांनी वरचा खण उघडला, डबा जपून आत ठेवला. “पहिल्यांदाच यात काहीतरी ठेवतोय.” खण आत सरकवला, आणि चहाचे पाणी ठेवायला ते स्वयंपाकघरात गेले. पावले आता हलकी पडत होती.

खालचा रिकामा खण पुढे आला होता. देवदत्तने तो दोन्ही हातांनी आत लोटला. वरचा बाहेर आला, डब्यासकट. त्याने तो बंद केला. खालचा आला.

“हळूच ढकला, सेन्से,” आतून ओइकावांचा आवाज आला. “घाई केली की बसत नाही तो.”

“हो,” देवदत्त म्हणाला, आणि रिकाम्या खणावर तळवे टेकवून तसाच बसून राहिला.