महाराजांची चवळी

बाजारचौकात मुंगीला शिरायला जागा नव्हती. शेगडीवर पितळी घागर, घागरीत किडकी चवळी आणि समोर महाराज. ते पुटपुटत घागर हलवू लागले, तसे भुंगे तुरुतुरु वर आले आणि काठावरून टपाटप पडले.

"पळाली बाधा!" महाराज गरजले. "हे बियाणं आता सात पिढ्या किडणार नाही!"

"ऐकलंत ना, ताई?" धाकट्या जावेनं थोरलीला कोपरानं ढोसलं. "आपलाही डबा आणू या."

डबा होता सासूबाईंनी जपलेल्या चवळीचा. ते वाण आता दुसऱ्या कुणाकडे उरलं नव्हतं. सासूबाई दाणा दाताखाली कट्कन वाजेपर्यंत उन्हं द्यायच्या, तेलाचा हात फिरवायच्या, मगच झाकण घट्ट लावायच्या. त्यांच्या माघारी हे थोरली करायची; यंदा काढणीच्या वेळी ती अंथरुणाला खिळली होती, धाकटीनं ओलसर चवळीच डब्यात लोटली आणि भुंगे लागले.

थोरलीच्या मनात पाल चुकचुकली. "मंत्र एवढा जालीम, तर शेगडी कशाला गं?"

"तुम्हाला मेलं सगळ्यातच काळंबेरं दिसतं!"

महाराजांनी घागरीतली मूठभर चवळी प्रसाद म्हणून दिली होती, ती थोरलीनं घरी ओल्या फडक्यात बांधली. दुसऱ्या फडक्यात डब्यातले भोक नसलेले दाणे बांधले.

दोन दिवसांनी धाकटी डबा घेऊन निघाली, तेव्हा थोरलीही दोन्ही पुरचुंड्या घेऊन मागोमाग गेली. भर चौकात तिनं त्या सोडल्या. घरच्या चवळीला पांढरेशुभ्र मोड आले होते. महाराजांची चवळी नुसती फुगून बुळबुळीत झाली होती, वर आंबूस वास.

"श्रद्धा कमी पडली, माई," महाराज म्हणाले.

"माझी पडली असेल. पण चवळी तुमच्या हातची. तिचीही कमी पडली का?"

लोक खो खो हसले. थोरली म्हणाली, "घागरीत हात घालून बघा कुणीतरी!"

चहावाल्यानं हात घातला आणि बोंब ठोकली. "आई गं! ही तर भाजतेय!"

"तेच तर! चटका बसला म्हणून भुंगे पळाले. आतला कोंब कुठं पळणार? तो जागीच मेला."

हसू विरलं. "माझं पेरणीचं सगळं बी यानंच मंतरलंय," असं म्हणत एक म्हातारा मटकन खाली बसला. महाराज शेगडी तशीच टाकून गल्लीत शिरले.

धाकटीनं डबा छातीशी धरला आणि घराची वाट धरली. अंगणात चवळी पसरताना तिनं विचारलं, "ताई, तेल किती लावायचं?"

"दाणा नुसता चमकण्यापुरतं. आणि पेरण्याआधी फडक्यात बांधून बघायचं."

बायांनो, बाप्यांनो, तुम्हीही बघा. बी जिवंत असेल तर मोड येतोच. त्यासाठी ओलं फडकं पुरतं, महाराज लागत नाहीत.