तरंगनाथ महाराज आणि मागच्या खोलीतल्या चार रेघा

तरंगनाथ महाराज मेडशीहून पळाले ते रविवारी दुपारी पावणेतीनला. एका हातात धोतराचा सोगा, दुसऱ्या हातात पॉवर बँक, आणि मालेगावकडं निघालेल्या जीपच्या मागच्या फळीवर फक्त डावा पाय.

असं काहीही झालेलं नाही. गावात कोणालाही विचारा. तरंगनाथ नावाचे महाराज मेडशीत आलेच नव्हते. आले असले तर मुक्कामाला नव्हते. मुक्कामाला असले तर आमच्या घरी नव्हते. आणि आमच्या घरी असलेच, तर ज्याला विचाराल तो माणूस त्या दिवशी वाशिमला दवाखान्यात गेलेला होता. त्या रविवारी अख्खं गाव वाशिमच्या दवाखान्यात होतं. तेव्हा जे झालं नाही तेवढंच मी इथं सांगतो, नावानिशी.

न झालेल्या त्या दिवसांत आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. ओसरीवर बाया, पायऱ्यांवर पोरं, गोठ्यापर्यंत म्हातारे. सगळ्यांचे हात जोडलेले, आणि जोडलेल्या हातांच्या मध्ये फोन. मागच्या खोलीत पाटावर महाराज. भगवी कफनी, खांद्यावर शाल, आणि पाठदुखीमुळं कमरेला डॉक्टरी पट्टा. महाराजांनी डोळे मिटले की त्या खोलीत आमच्या वायफायच्या चारही रेघा भरायच्या. महाराज उठून गावात फेरी मारायला गेले की रेघा गायब. परत आले की परत हजर. असं अकरा दिवस चाललं.

"ही जी हवा हाये न," महाराज सांगायचे, "हिच्यात तरंग हायेत. तुमच्या डब्यातूनबी तरंगच निघते. पन डब्याचे तरंग आंधळे. त्याईले हात धरून न्या लागते."

हात धरून नेलेले तरंग एका वेळी दहाच फोनांत जात. अकराव्याला काही मिळायचं नाही. महाराजांनी त्याचं कारण पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: अकरावा पापी. अकरावे बहुधा शेजारचे गोविंदसिंग काका असत, कारण त्यांना बोटानं फोन चालवायला वेळ लागतो. काका सकाळी पापी असायचे. जेवायच्या वेळी एखादी बाई घरी गेली की तासभर पुण्यवान व्हायचे. विशेष म्हणजे महाराजांना शेलूबाजारहून जीपमध्ये घालून आणलं तेही काकांनीच.

महाराज कशाला लागले, ते सांगतो. दिवाळीनंतर राजूदादाचं लग्न झालं आणि निकिता वहिनी शिरपूरहून आमच्याकडं आली. येताना ती एक नोकरी घेऊन आली होती. पुण्याच्या एका कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारींना घरबसल्या उत्तरं द्यायची. तीन महिने परीक्षेचे, मग पडद्यावर साहेबांशी बैठक, मग पक्की किंवा रामराम. त्यासाठी वडिलांनी, म्हणजे जगदेवरावांनी, मोठ्या मनानं इंटरनेट घेतलं. एक डबा ओसरीत, आणि त्याची वायर ओढून दुसरा डबा, ज्याला ॲक्सेस पॉइंट म्हणतात तो, मधल्या खोलीत. म्हणजे मागच्या खोलीत वहिनीला काम करता येईल.

आपल्याकडं लग्नघराच्या दर्शनी भिंतीवर पेंटर बोलावून गणपती काढतात आणि खाली नवरानवरीची नावं लिहितात. येणारा प्रत्येक पाहुणा पासवर्ड विचारून डोकं खातो, म्हणून वडिलांनी त्याच पेंटरकडून, त्याच लाल रंगात, 'राजू आणि निकिता' च्या खाली वायफायचं नाव 'जगदेव निवास' आणि त्याचा पासवर्ड, एकपासून आठपर्यंतचे आकडे ओळीनं, असं लिहून घेतलं. एसटीतूनसुद्धा वाचता येतं. वडिलांना त्याचा अभिमान होता.

पहिले पंधरा दिवस सगळं झकास चाललं. मग एक दिवस मागच्या खोलीत रेघा गेल्या त्या गेल्याच. आमच्या सगळ्यांची सिमं एकाच कंपनीची, आणि त्या कंपनीला आमचं घर दिसत नाही, त्यामुळं दुसरा रस्ता नव्हता. वहिनी लॅपटॉप घेऊन ओसरीत बसली, तर पाहुण्यांसमोर सून खुर्चीवर, म्हणून माय, म्हणजे आमची आई सोजरबाई, रुसली.

वहिनी रडत बसली नाही. तिनं खडू घेतला, फोन घेतला आणि घरभर फिरली. जिथं जितक्या रेघा, तिथं फरशीवर तेवढा आकडा. ओसरीत चार. मधल्या खोलीच्या दारात चार. सोयाबीनच्या थप्पीपाशी दोन. थप्पीमागं शून्य, आणि मागच्या खोलीत शून्यच शून्य. कारण फरशीवर लिहिलेलं होतं. वडिलांनी भाव चढेल म्हणून चाळीस पोती सोयाबीन मधल्या खोलीत छतापर्यंत रचलं होतं, आणि दृष्ट लागू नये म्हणून मायनं तो डबा पत्र्याच्या कोठीमागं लपवला होता. वहिनी म्हणाली, पोती सरकवा आणि डबा वर टांगा.

चाळीस पोती सरकवायला चार माणसं आणि एक दिवस लागतो. भूत असलं तर फक्त महाराज लागतात. घरानं भूत निवडलं.

महाराज आले, दारात उभे राहून पाणी प्यायले, भिंत वाचली, आणि आत येऊन फरशीवरचे आकडे पाहिले. ते शून्यांकडं बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले की हे मांडणं कोणाचं? वहिनी म्हणाली, माझं. झालं. सुनेनं घरभर काहीतरी मांडलंय, ही बातमी संध्याकाळच्या आत मेडशी ओलांडून गेली. महाराजांनी निदान केलं की सुनेसोबत माहेराहून कोणीतरी आलंय, ते मागच्या खोलीत बसतं आणि तरंग पिऊन टाकतं. उपाय: मोठा होम, सुनेला सव्वा महिना माहेरी पाठवणी, आणि दोष धरलेला लॅपटॉप महाराजांच्या चरणी.

वहिनीची ती बैठक सोमवारी होती. होम रविवारी ठेवला. सोमवारी सकाळच्या एसटीनं तिला शिरपूरला बसवून द्यायचं ठरलं, लॅपटॉपशिवाय. ठरवायला ओसरीत बैठक बसली आणि एकतीस जणांनी हात वर केले. मी मोजले आणि नावं लिहून ठेवली. राजूदादाचा हात अर्धाच वर होता, म्हणून त्याचं नाव मी दोनदा लिहिलं.

महाराजांच्या मुक्कामाच्या चौथ्या दिवशी दुपारी लाइट गेली. पंखा थांबला, ओसरीतला डबा विझला, कोठीमागचाही विझला. वहिनी भांडी घासत होती. आत महाराज डोळे मिटून होते आणि दहा जण निवांत व्हिडिओ बघत होते. वहिनीनं ओल्या हातानं मला खुणावलं.

"धनराज भाऊजी, डबे बंद हायेत. मंग हे नेट कुठून येऊन राह्यलं?"

मी म्हटलं, चल, सगळ्यांना सांगू. ती म्हणाली, खडूनं लिहून दिलं तेव्हा कोणी वाचलं? आता सांगायचं नाही, आता सगळ्यांसमोर दाखवायचं.

रविवारी अंगणात होम पेटला. साडेबाराचं ऊन, मधोमध कुंड, कुंडाच्या तोंडाशी महाराज, कफनीवर शाल. महाराजांनी आरोळी दिली आणि गर्दीतल्या फोनांत चारही रेघा भरल्या. वहिनी पुढं आली, पदर सावरून पाया पडली आणि नम्रपणे विचारलं की महाराज, कृपेला लाइट लागते का? महाराज हसले. कृपेले कायची लाइट, पोरी.

वहिनीनं आत जाऊन दोन्ही डब्यांच्या पिना काढल्या, डबे उचलून आणले आणि मायच्या मांडीवर ठेवले. रेघा चारच्या चार.

आता गावाची ट्यूब पेटेल असं मला वाटलं होतं. गाव उठून उभं राहिलं आणि महाराजांच्या पायावर पडलं. डबा नसताना नेट, म्हणजे केवढी सिद्धी. गोविंदसिंग काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. महाराजही क्षणभर स्वतःवर भाळलेले दिसले.

सुदैवानं मी माणसांच्या अकलेवर विसंबलो नव्हतो. मी आरोळी दिली की कृपेचा शेवटचा दिवस आहे, लहानसहान मागू नका, पिक्चर उतरवा, पुण्या-सुरतच्या लेकरांना व्हिडिओवर दर्शन द्या. जागा सोडू नका, नाहीतर अकरावे व्हाल. दहा फोन एकदम चालू झाले. कोणी हलेना. मी कुंडात तुपाचे चमचे वाढवले आणि महाराजांना जरा पुढं सरकायची विनंती केली.

सव्वा तास झाला. महाराज मंत्र विसरायला लागले. मग बसल्या जागी डावीकडं वळले, उजवीकडं वळले, पोट आत घेतलं आणि घुमले.

"अंगात येऊन राह्यलं," माय म्हणाली. बायांनी हळदीकुंकू आणलं.

महाराज म्हणाले, काढा. गोविंदसिंग काका म्हणाले, महाराज भूत काढायले सांगून राह्यले, तूप टाका. मी तूप टाकलं. महाराज म्हणाले, काढा रे लेकहो, पट्टा काढा. कोणी पुढं होईना, अंगात आलेल्याला शिवायचं कसं? शेवटी त्यांनी स्वतःच कफनी वर केली, डॉक्टरी पट्टा ओढून काढला, आणि आतून पॉवर बँकेला जोडलेला एक फोन पूजेच्या ताटात पडला. महाराजांच्या पोटावर फोनाच्या आकाराचा लाल चौकोन उठला होता, कोपरे गोल. दहा जणांचे पिक्चर ओढून आणि होमाची धग खाऊन फोन तव्यासारखा तापला होता.

वहिनीनं पदरानं धरून फोन उचलला आणि शाळेत धडा वाचतात तसं मोठ्यानं वाचलं. हॉटस्पॉट चालू. नाव, जगदेव निवास. जोडलेले फोन, दहा.

मग तिनं बटण बंद केलं. "गेलं," दहा जण एका आवाजात म्हणाले. तिनं चालू केलं. थोड्या वेळानं एकेक जण म्हणाला, "आलं." तिनं परत बंद केलं. "गेलं." असं तिनं तीनदा केलं, घाई न करता. यापेक्षा सोपं विज्ञान मी कॉलेजातही शिकलो नाही. भिंतीवरचं नाव आणि पासवर्ड आपल्या फोनच्या हॉटस्पॉटला द्यायचा. आपले फोन भोळे असतात. ओळखीचं नाव दिसलं की कोणाच्या पोटावर बांधलंय ते न विचारता जोडले जातात. महाराजांची शक्ती म्हणजे दुसऱ्या कंपनीचं सिम.

मग गोविंदसिंग काकांनी हळूच विचारलं, "मंग सूनबाई, मी पापी नव्हतो?"

"नाई काका. त्या फोनात दहाचीच जागा होती."

महाराज या संभाषणाचा फायदा घेऊन गोठ्यातून बाहेर पडले.

मी खिशातून यादी काढली. वहिनी मधल्या खोलीच्या दारात उभी राहिली, मी नाव वाचायचो, आणि ज्याचं नाव त्यानं वर केलेला तोच हात पोत्याला लावायचा. राजूदादाचं नाव दोनदा असल्यामुळं त्याला दोनदा वाकावं लागलं. सोयाबीनच्या दाण्यात पाणी असतं, आडतीवर त्याचंच मॉइश्चर मोजून भाव पाडतात, आणि वायफायच्या लहरी पाण्यात जिरतात. चाळीस पोती म्हणजे छतापर्यंत उभं केलेलं तळं. वरून पत्र्याची कोठी, तिच्यातून तर लहर जातच नाही. हे सगळं वहिनी पोतं वाहणाऱ्याला, पोतं त्याच्या पाठीवर असतानाच, सावकाश समजावून सांगत होती. चाळीसावं पोतं ओसरीत आलं, डबा भिंतीवर उंच टांगला, आणि मागच्या खोलीत चारही रेघा भरल्या. कोणी नमस्कार केला नाही.

सोमवारी तिची बैठक चाळीस मिनिटं चालली. एकदाही अडकली नाही. नोकरी पक्की झाली. त्याच दुपारी तिनं पासवर्ड बदलला. माय दोन दिवस थांबली, मग तिनं नवा पासवर्ड विचारला.

"सव्वा महिन्यानं सांगते, आई," वहिनी म्हणाली. "तोवर दोष निंगून जाईन."

मी ग्रामपंचायतीत एक अर्ज दिला आहे. त्याची प्रत खाली जोडतो.

प्रति, मा. ग्रामसेवक साहेब. विषय: घरात भूत निघाल्यास करावयाची कार्यवाही. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, यापुढे गावातील कोणत्याही घरात भूत असल्याचे जाहीर करण्यापूर्वी पिन लावली आहे काय, डबा कुठे आहे, व मध्ये काय रचले आहे, या तीन बाबींची दोन पंचांसमक्ष पाहणी व्हावी. पाहणी होईपर्यंत घरातील सुनेस दोषी धरू नये. तसेच सोबतच्या यादीतील एकतीस व्यक्तींनी श्रीमती निकिता यांची ग्रामसभेत उभे राहून, प्रत्येकी स्वतंत्रपणे व मोठ्या आवाजात माफी मागावी, अर्जदाराच्या मातोश्रींपासून सुरुवात करावी, व सदर माफी इतिवृत्तात नोंदवून तिची साक्षांकित प्रत पंधरा दिवसांच्या आत अर्जदाराच्या वहिनीस पोहोच व्हावी, ही नम्र विनंती.