सोप्यात सोपी मांडणी

चर्चचा हातघंटांचा वृंद चालवणाऱ्या मार्लिस टॉलेफसनने सप्टेंबरातच नाताळची कॅरोल ठरवली. गाणं जुनंच होतं, मेंढपाळांचं, त्या चर्चमधल्या प्रत्येकाने आईच्या मांडीवर ऐकलेलं. पण हातघंटांसाठी त्याच्या तीन वेगवेगळ्या मांडण्या तिच्या कपाटात होत्या. एक मुलांसाठी, मोठ्या ठशात छापलेली. एक मधली, कुठल्याही बऱ्या वृंदाला जमेल अशी. आणि एक अवघड. तिच्यात मध्येच पट्टी बदलायची, घंटा हवेत गोल फिरवायच्या, आणि खालच्या सुरांच्या थोराड घंटा मेजावरच्या गादीवर दणकन आपटायच्या.

"ही घ्यायची," मार्लिस म्हणाली. "एकदा तरी."

"एकदा तरी म्हणजे? मरायच्या आधी?" ऑर्विल हॉगेनने विचारलं. हा हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ काढायचं यंत्र चालवायचा आणि वृंदातल्या सगळ्यात जड घंटा त्याच्याकडे असायच्या. "मास्तरीणबाई, आमची वयं बघा जरा. रिने सोडली तर इथे सगळे पेन्शनवाले."

"तुझी जीभ बरी चालते रे अजून. हातही चालतील."

सगळे हसले आणि अवघड मांडणीचे कागद वाटले गेले.

हातघंटांच्या वृंदात गाणं कुणा एकाचं नसतं. प्रत्येकाच्या दोन हातांत दोन घंटा, म्हणजे वाट्याला दोनच सूर. आपला सूर आला की वाजवायचा, एरवी मोजत उभं राहायचं. एकाचं मोजणं चुकलं की धून पुढचा दात पडल्यासारखी दिसते, आणि तो दात कुणाचा हे सगळ्यांना कळतं. मार्लिसने तीस वर्षं शाळेत संगीत शिकवलं होतं. सुटलेला सूर कुणाचा हे तिला पाठ फिरवूनही सांगता आलं असतं.

ऑक्टोबरभर तालीम छान चालली. दर शनिवारी दुपारी चर्चच्या तळघरातल्या सभागृहात मंडळी जमायची, पांढरे हातमोजे चढवायची, आणि मध्ये कॉफी व्हायची. महिना संपता संपता सुपीरियर सरोवरावरून बोचरा वारा सुटला, बॉयलर सुरू झाला, आणि ऑर्विलने तळघराच्या खिडक्यांना आतून प्लास्टिक ताणून फटी पक्क्या बुजवल्या. "आता एक वाऱ्याची झुळूक आत येऊन दाखवू दे," तो म्हणाला. सगळ्यांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

नोव्हेंबरात गाणं बिघडायला लागलं.

आधी पट्टी बदलायच्या जागी. मग त्याच्या आधी. ज्या ओळी तोंडपाठ होत्या त्यांतसुद्धा भोकं पडायला लागली. रिने, तिशीतली, दाताच्या डॉक्टरांकडे कामाला असलेली हुशार मुलगी, डाव्या हातातली घंटा उजव्या हाताच्या वेळी वाजवायची आणि घाबरून कागदाकडे बघत राहायची. अर्डिथबाई तर दोनदा वाजवायचंच विसरल्या. त्या एकोणऐंशीच्या होत्या, मार्लिसला लहानपणी चर्चच्या रविवारच्या शाळेत त्यांनीच शिकवलं होतं.

आणि मग मार्लिसचंच चुकलं. हात वर उचलला, सगळे तिच्याकडे बघतायत, आणि कुठल्या मात्रेवर आहोत हेच तिला आठवेना. समोरचे काळे ठिपके नुसते ठिपके झाले. क्षणभरच. तिने खोकल्याचं निमित्त केलं.

त्या संध्याकाळी गाडीत बसून तिने वर्षाचे महिने उलटे म्हणून पाहिले. बरोबर आले. तरी तिने ते पुन्हा म्हटले. तिची आई त्रेसष्टाव्या वर्षी विसरायला लागली होती. आधी चुलीवरची भांडी, मग शेजाऱ्यांची नावं, शेवटी मार्लिस. मार्लिसला वसंतात त्रेसष्टावं लागणार होतं.

घरी ती पियानोवर बसली आणि तीच अवघड मांडणी एका दमात वाजवली, एक चूक नाही. तिला बरं वाटायच्या ऐवजी जास्तच भीती वाटली. आईचंही असंच होतं ना? घरी अगदी चांगली असायची, आणि दुकानात गेली की पैसे कशाला द्यायचे तेच कळायचं नाही.

पुढच्या शनिवारी तिने मधली मांडणी काढली.

"का गं? आमचं नाक कापलंस की," अर्डिथबाई म्हणाल्या.

"गर्दीच्या दिवसांत सोपं बरं असतं, अर्डिथबाई."

"तू मला फसवू नकोस, पोरी. मी तुझी दुधाचे दात पडलेली बत्तिशी पाहिलीय."

पण त्यांनी पुढे वाद घातला नाही, आणि हेच मार्लिसला खटकलं. अर्डिथबाई आणि वाद सोडून देतायत? कॉफीच्या वेळी लोक कपाळ चोळत बसले. कुणी म्हणालं कॉफीच कडू झालीय. लेफ्सा, म्हणजे नॉर्वेची बटाट्याची पोळी, कुणी खाल्ली नाही, ताट तसंच परत गेलं. वृंदात पहिल्यांदाच कुणी कुणाची थट्टा केली नाही. जो तो आपल्याच कागदाला नाक लावून उभा, जणू मान वर केली तर शेजाऱ्याला काहीतरी दिसेल.

मधली मांडणीही जमली नाही.

मध्येच एका रविवारी प्रार्थनेच्या सुरुवातीला त्यांनी वरच्या मोठ्या दालनात एक छोटी धून वाजवली. ती मात्र काचेसारखी स्वच्छ गेली. पास्टर लिंडग्रेन व्यासपीठावरून खाली येऊन मार्लिसचा हात हातात घेऊन म्हणाले, "यंदा तुम्ही कमाल करणार." तिला त्यांना सांगावंसं वाटलं. काय सांगायचं? की मला मात्रा दिसत नाहीत? ती हसली आणि "बघू या" म्हणाली. छोटी धून होती म्हणून निभावली, असंच तिने मनाशी धरलं.

डिसेंबरच्या मध्यावरच्या शनिवारी थंडी अशी पडली की पापण्यांवर बर्फ धरत होता. बॉयलर सकाळपासून धडधडत होता. मार्लिसने मुलांची मांडणी काढली. मोठे ठसे, फक्त मुख्य धून, एकही वळण नाही.

ऑर्विलने कागद लांब धरून पाहिला. "पुढच्या शनिवारी काय, नुसती दाराची बेल वाजवायची?"

कुणी हसलं नाही. त्यालाही हसू आलं नाही. तो मेजाचा आधार घेऊन उभा होता.

"मार्लिस, मला जरा बरं वाटत नाहीये," अर्डिथबाई हळूच म्हणाल्या. "कागदावर मला प्रत्येक सूर दोन-दोनदा दिसतोय."

"आतल्या खोलीत जरा पडा ना. झग्यांच्या खोलीत कोच आहे. आम्ही एकदा वाजवून घेतो."

त्या भिंतीला हात लावत गेल्या. गायकांचे झगे टांगायची ती खोली सभागृहाच्या मागे, बॉयलरच्या भिंतीला लागून होती. दार त्यांनी मागून लोटून घेतलं.

मार्लिसने हात उचलला. पहिली ओळ कशीबशी झाली. दुसरीत तीन घंटा एकदम वाजल्या, मग कुणीच नाही. कुणी "सॉरी" म्हणालं नाही, कुणी "परत घेऊ" म्हणालं नाही. मार्लिसच्या कानशिलात घण पडत होते. तिला वाटलं, आता मी कोसळणार, आणि या सगळ्यांना कळणार.

आधी रिने रडायला लागली.

"मला काहीतरी झालंय," ती म्हणाली. हातमोज्यांनीच डोळे पुसत होती. "मी घरी कुणाला बोलले नाही. डोक्यात गाठ असेल. दर शनिवारी डोकं असं फुटतं की घरी जाताना गाडी बाजूला घेऊन ओकते. मग रात्री बरं वाटतं. माझी पोरगी दोन वर्षांची आहे हो…"

"दर शनिवारी?" ऑर्विलने विचारलं. "तुझंपण?"

"माझंपण," मागून कुणीतरी म्हणालं. आणि मग एकेक जण बोलायला लागला. कुणाला वाटत होतं मेंदूत रक्त साकळलंय, कुणाला वाटत होतं साखर वाढलीय. एकाने तर मृत्युपत्र काढून पाहिलं होतं. ऑर्विल म्हणाला, "मला वाटलं माझे हात गेले. बायकोला सांगितलं नाही. यंत्र चालवायचं लायसन जाईल म्हणून."

मार्लिस त्या चेहऱ्यांकडे बघत राहिली. गेले सहा आठवडे प्रत्येक जण आपापली भीती कोटाच्या खिशात घालून इथे येत होता, आणि तशीच परत नेत होता. पण रिनेला तिशीत विस्मरण व्हायचं काय कारण? अकरा माणसांना एकाच दुपारी म्हातारपण कसं गाठेल?

तिने प्लास्टिक लावलेल्या खिडक्यांकडे पाहिलं. मग ज्या भिंतीमागे बॉयलर धडधडत होता तिकडे.

"बाहेर," ती म्हणाली. आवाज फुटेना, म्हणून तिने जवळची घंटा उचलून जोरात वाजवली. "सगळे बाहेर! कोट राहू द्या. वर नाही, बाहेर, रस्त्यावर! हवेत विष आहे!"

सगळे जिन्याकडे धावले. दोघांना धरून वर न्यावं लागलं. बाहेरची थंडी छातीत सुरीसारखी घुसली, आणि तिला ती हवीहवीशी वाटली. रिनेने फोन लावला. सगळे बर्फात सवयीने ओळीत उभे राहिले होते, उंच सुरांपासून खालच्या सुरांपर्यंत, मेजामागे उभे राहतात तसे. मार्लिसने सवयीनेच ओळीवरून नजर फिरवली. मध्ये एका माणसाची जागा रिकामी होती.

"अर्डिथबाई," ती म्हणाली.

रिने फोन कानाला धरूनच म्हणाली, "अग्निशमनवाले म्हणतायत आत जाऊ नका. निघालेत ते. पाच मिनिटं."

मार्लिसला नंतर विचारलं की तू काय विचार केलास, तर तिला सांगता यायचं नाही. तिला एवढंच आठवायचं की त्या खोलीत पडा असं तिनेच सांगितलं होतं. ती वळली तेव्हा ऑर्विल तिच्या आधी दारात होता.

"तू थांब," तो म्हणाला.

"तुला उचलेल कोण, तू पडलास तर?"

दोघं श्वास कोंडून जिना उतरली. सभागृहात मेजांवर घंटा तशाच पडल्या होत्या, दिवे चालू होते, कॉफीचं भांडं गुरगुरत होतं. सगळं अगदी नेहमीसारखं होतं. काहीच दिसत नव्हतं. वासही नव्हता. झग्यांच्या खोलीचं दार उघडलं तर अर्डिथबाई कोचावर नव्हत्या, खाली जमिनीवर होत्या, दाराकडे तोंड करून. गाल चांगले गुलाबी होते, झोपल्यासारख्या. ती लाली विषाची होती हे मार्लिसला नंतर कळलं, आणि ते गुलाबी गाल तिला आयुष्यभर स्वप्नात दिसणार होते.

ऑर्विलने त्यांना काखेत धरून ओढलं, मार्लिसने पाय उचलले. निम्म्या जिन्यात तिचा कोंडलेला श्वास सुटला आणि तिने तिथलीच हवा आत घेतली. पायरी तिरकी झाली. ऑर्विल ओरडत होता, "चल, मास्तरीण, चल! चार पायऱ्या! मोज!" ती मोजू लागली. तीनानंतर काय येतं ते तिला आठवत नव्हतं. ती तीन, तीन, तीन म्हणत वर आली.

बॉयलरच्या धुराड्याची नळी नोव्हेंबरापासून वर बर्फाने थोडी थोडी बंद होत गेली होती. न दिसणारा, बिनवासाचा विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, उलटा तळघरात उतरत होता. पाहणी करणारा माणूस म्हणाला की फटी उघड्या असत्या तर थोडं तरी बाहेर गेलं असतं. तो सहज बोलून गेला. ऑर्विल तिथेच पायरीवर बसला.

अर्डिथबाईंना डुलुथ शहरातल्या इस्पितळात नेलं. दोन दिवस त्या शुद्धीवर नव्हत्या. मार्लिसलाही एक रात्र नाकाला प्राणवायूची नळी लावून ठेवलं. ऑर्विल दोन्ही दिवस इस्पितळाच्या बाहेरच्या बाकावर होता. त्याची बायको डबा घेऊन यायची, तो खायचा नाही.

"खिडक्या मी बुजवल्या, मार्लिस."

"आणि टाळ्या आम्ही वाजवल्या."

"त्या गेल्या तर?"

मार्लिस त्याच्या शेजारी बसून राहिली.

तिसऱ्या दिवशी अर्डिथबाईंनी डोळे उघडले आणि पहिलं पाणी मागितलं. दुसरं, नाताळला काय वाजवताय ते विचारलं.

"काहीच नाही," मार्लिस म्हणाली. "यंदा रद्द."

"का?"

"लोक घाबरलेत. खाली जायलाच तयार नाहीत."

"मग वर वाजवा. आणि ती पोरांची मांडणी वाजवलीत तर मी ऐकायला येणार नाही. मधली घ्या. तेवढी जमेल तुम्हाला." थोड्या वेळाने त्यांनी मार्लिसकडे रोखून पाहिलं. "तुझं नाव मार्लिस ना?"

"हो."

"बरोबर. बघत होते."

डॉक्टरांनी सांगितलं होतं की या विषाचा परिणाम कधीकधी काही आठवड्यांनी दिसतो, तेव्हा लक्ष ठेवा. मार्लिसने मान डोलावली. लक्ष ठेवणं तिला ठाऊक होतं.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी वरच्या दालनात मधली मांडणी वाजवली. अर्डिथबाईंच्या दोन घंटा रिनेने स्वतःच्या दोन घंटांबरोबर सांभाळल्या. भिंतीवर ऑर्विलने विषारी हवा ओळखणारी नवी यंत्रं लावली होती, एक नव्हे, पाच. गाणं चालू असताना वृंदातले सगळे मधूनमधून तिकडे बघत होते. दुसऱ्या कडव्यात रिनेचा एक सूर सुटला. मार्लिसने रिनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं. रिने ओठ चावून "चुकलं" अशी खूण करत होती, चार घंटा हातात असणाऱ्या माणसाची साधी चूक. पुढचा सूर वेळेवर आला.

जानेवारीत मार्लिसने दोनदा फोन उचलला आणि ठेवला. तिसऱ्यांदा तिने स्मरणशक्ती तपासणाऱ्या डॉक्टरांची वेळ घेतली. बॉयलरने नोव्हेंबरचं कोडं सोडवलं होतं, आईच्या आजाराच्या भीतीचं नाही. ऑर्विलने तिला गाडीतून नेलं आणि बाहेर थांबला. तपासणी चांगली आली. डॉक्टर म्हणाले, वर्षाने पुन्हा या.

"म्हणजे वर्षभर सुट्टी," ऑर्विल म्हणाला.

"म्हणजे वर्षभर धाकधूक," मार्लिस म्हणाली. आणि तिने गाडीची काच बोटभर खाली केली. बाहेर शून्याच्या खाली थंडी होती. ऑर्विलने आपल्या बाजूची काचही खाली केली, आणि दोघं तशीच कुडकुडत घरी आली.