नोंद सापडली नाही

महाडच्या एका रुग्णालयात जिन्याखाली धूळ खात पडलेला जुना सर्व्हर म्हणजे मी, मित्रांनो. दोन हजार सात साली मला आणलं, तेव्हा सगळे कौतुकानं बघायला आले होते. मी लिनक्स नावाच्या संगणकप्रणालीवर चालायचो. डॉक्टरांच्या टेबलांवरचे संगणक माझ्याकडूनच माहिती घ्यायचे.

माझ्या पोटात मात्र जागा थोडी. रुग्णांची माहिती समोरच्या इमारतीतल्या डिस्कच्या पेटीत असायची. नेटवर्कच्या केबलमधून ती माझ्याशी जोडलेली होती, म्हणून मी ती स्वतःच्या डिस्कसारखीच वापरायचो. मध्यंतरी जुनी पेटी बदलली. संगणक सांभाळणाऱ्या अस्मिताताईंनी नवी पेटी हातानं जोडून दिली आणि काम सुरळीत चाललं. पण मी बंद होऊन पुन्हा सुरू झालो, तर ती आपोआप जोडून घ्यायची, ही सूचना मला द्यायची राहिली. मी बंदच पडलो नाही, त्यामुळे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

एका दुपारी वीज गेली. जनरेटर सुरू होईना, बॅटरी संपली आणि मी विझलो. वीज येताच जागा झालो, माहिती उघडायला गेलो, तर तिथं काहीच नाही. मी भेदरलो. रुग्णालयाचा प्रोग्राम मात्र त्या रिकाम्या जागेवरच सुरू झाला, आणि मला ओरडायला तोंड नाही.

तेवढ्यात पोलादपूरकडच्या एका वाडीतून ठकूबाईंना आणलं. पायाची जखम चिघळली होती, अंग तापानं फणफणलं होतं, शुद्ध हरपत चालली होती. डॉक्टर कालिंदींनी त्यांचं नाव टाकलं. माझ्याकडून उत्तर गेलं, 'नोंद सापडली नाही.' नर्सनं इंजेक्शन भरलं.

ठकूबाईंचा नवरा सदू दाराशी उभा होता. तो चाचरत म्हणाला, "बाई, गेल्या साली हितंच सुई दिली नि हिचा गळा सुजला. मरता मरता वाचली. कंची सुई, ते ठावं नाय."

डॉक्टरांनी नर्सला थांबवलं आणि अस्मिताताईंना बोलावून घेतलं. ताईंनी आणखी दोघा-तिघांची नावं टाकून पाहिली. मग माझी जोडणी तपासली.

"मॅडम, कुणाचीच माहिती दिसत नाही. पेटीच जोडलेली नाही. या उत्तरावर जाऊ नका."

त्या माझ्यासमोर बसल्या. घाईत एक आज्ञा दोनदा चुकली. पेटीच बिघडली असेल तर, या विचारानं मीही हादरलो होतो. तिसऱ्यांदा आज्ञा बरोबर आली, तशी मी पेटीला हाक मारली. पेटीनं ओ दिली. ठकूबाईंची माहिती पडद्यावर आली. भरून ठेवलेलं इंजेक्शन तेच होतं.

डॉक्टरांनी ते टाकून दिलं आणि दुसरं औषध सुरू केलं. काही दिवसांनी ठकूबाई सदूचा हात धरून घरी गेल्या.

त्याआधीच ताईंनी मला नीट सूचना दिल्या होत्या. आधी नेटवर्क जागं होऊ दे, मग पेटी जोड, आणि पेटी मिळाली नाही तर प्रोग्राम उघडूच नकोस. मग भर दुपारी, डॉक्टरांना शेजारी बसवून, त्यांनी मला मुद्दाम बंद केलं. विझताना मला फार भीती वाटली. जागा झालो, तेव्हा पेटी जोडलेली होती. ताई खुर्चीत मागे रेलल्या आणि डोळे पुसू लागल्या.

मित्रांनो, आमच्यात काही बदल केलात, तर आम्हांला एकदा बंद करून पुन्हा सुरू करून बघा. आम्हांला भीती वाटली तरी चालेल. तेव्हा फक्त तुम्ही जवळ असा.