चौथ्या बाटलीतली पिवळी माती

मी टास्मानियातल्या एका शेतावरचा जुना मातीचा बंधारा आहे, मित्रांनो, आणि मला राग आला आहे. बंधाऱ्याने मुकाट पाणी धरावं, एवढीच लोकांची अपेक्षा. साठ वर्षं धरलं. आता जरा ऐका.

मर्विन हॅनाफर्डने मला स्वतःच्या जमिनीवर बांधलं. ओढ्याकाठची माती काळी, भुसभुशीत. म्हणून त्याने टेकडीमागच्या खड्ड्यातून पिवळी चिकणमाती आणून माझ्या पोटात भरली. प्रत्येक थरावर त्याची मुलगी थेल्मा दोनशे मेंढ्या पुढेमागे हाकायची. त्यांच्या खुरांनी मी घट्ट झालो.

पुढे सरकारी माणूस मला दर्जा द्यायला आला. हा दर्जा माझी तब्येत बघून देत नाहीत बरं. मी फुटलो तर खाली किती माणसं मरतील, ते बघून देतात. खाली तेव्हा मेंढ्या चरत होत्या. त्याने लिहिलं, ‘कमी धोका’. तेव्हा ते खरंच होतं.

मर्विन गेला. थेल्माने खालचं कुरण विकलं. तिथे टोंगा बेटांवरून आलेल्या लुसिया फोनुआचं घर उभं राहिलं. नवरा, दोन मुली, कोंबड्या. कागदावर मात्र अजून मेंढ्याच चरत होत्या!

मग एका वॉम्बॅटने, म्हणजे इकडच्या बिळं खणणाऱ्या गुबगुबीत प्राण्याने, माझ्या पाठीत बीळ केलं. थेल्माने त्यात पेंढा कोंबला आणि वरचं गवत छान कापून घेतलं. लांबून मी देखणा दिसत होतो. पायथ्याशी पाझरत होतो.

लुसिया सांगायला गेली, तर थेल्मा म्हणाली, “अगं, मातीचा बंधारा थोडा पाझरतोच. पाणी स्वच्छ आहे ना? मग झोप निवांत.”

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण पुढच्या आठवड्यात पाणी गढूळ झालं. लुसियाने बंधाऱ्यांच्या सरकारी कार्यालयात फोन लावला. तिथल्या साहेबांनी सांगितलं, कमी धोक्याचा बंधारा तपासत नाहीत, आणि नोंदीत खाली घरच नाही.

“मी त्याच घरातून बोलतेय, साहेब,” लुसिया म्हणाली.

फोन ठेवून ती मुरंब्याची रिकामी बाटली घेऊन माझ्याकडे आली. रोज सकाळी एक बाटली पाझराच्या पाण्याने भरायची आणि खिडकीत ठेवायची. चौथ्या दिवशी चारही बाटल्या तिने थेल्माच्या टेबलावर मांडल्या.

“पुन्हा तेच गाऱ्हाणं?” म्हणत थेल्माने चौथी बाटली उचलली. तळाशी बोटभर गाळ होता. पिवळा. ओढ्याकाठी कुठेच नसलेला.

तिने बाटली खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाली, “ही बाबांची माती आहे. ही आतली आहे, लुसिया. मुलींना घेऊन आत्ताच्या आत्ता इकडे ये.”

माझ्या तळाची पाणी सोडायची झडप गंजून बसली होती. दोघींनी शेतातले पाण्याचे जाड पाइप माझ्या माथ्यावरून टाकून साठलेलं पाणी पलीकडे ओढून काढायला घेतलं. तीन दिवस लागले. थेल्माचे बटाटे त्या उन्हाळ्यात पाण्यावाचून वाळले. ती कुरकुरली, पण पाइप काढले नाहीत.

आता मी रिकामा उभा आहे, पोट उघडं टाकून, दुरुस्तीची वाट बघत. कागदावर अजूनही ‘कमी’च आहे. मित्रांनो, तुमच्या घराच्या वर माझ्यासारखा कोणी असेल, तर त्याचा दर्जा विचारत बसू नका. त्याच्या पायथ्याशी जा, वाका, पाणी बघा.

चौथी बाटली थेल्माने परत दिलीच नाही. ती तिच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी असते. कोणी ‘कमी धोका’ म्हणालं, की ती बाटली जोरात हलवते आणि त्याच्यासमोर ठेवते.